बदल क्रमांक अडतीस

६ मार्च २०१४, गुरुवार

शाकीब आला होता, अकोल्याहून सकाळच्या गाडीनं. स्वरालीच्या टेबलाशी उभाच राहिला. तिची खुर्ची पुढं केली तरी बसेना. शेवटी त्या खुर्चीत मीच बसलो, मग त्यानं स्टूल ओढलं.

तिला जाऊन आज सतरा दिवस झाले. संगणक पहिल्यांदा चालू केला.

म्हणाला, "काका, दोघांनी मिळून चालू केली होती साइट. मी नुसता मशीन पाहाचो. डोकं सारं तिचं. मले एकट्याले झेपत नाही आता. तुमी पाहता का?" मी म्हटलं, मला काय कळतं यातलं. तर म्हणे, "स्वरालीच सांगे ना! माह्या बाबाले कागद द्या अन् नंबर द्या, ते चुकत नाहीत."

असं म्हणायची! मला कधी म्हणाली नाही.

साइट विहिरींची आहे. पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या आणि आसपासच्या. एकूण ८७. ज्याची विहीर तो दर बाजाराच्या दिवशी दोर सोडून मोजतो, पाणी किती फुटांवर लागलं ते. मग ग्रामपंचायतीच्या संगणकावर जाऊन सांगतो, तिथला ऑपरेटर टाइप करतो. बाजाराचा दिवस कुणी विसरत नाही, म्हणून तिनंच तो ठरवलेला. चार वर्षं चालू आहे हे. मला एवढंच माहीत होतं— पोरगी काहीतरी विहिरींचं करते.

हो म्हणालो. नंतर वाटलं, कशाला म्हणालो.


८ मार्च

शाकीबनं फोनवर तासभर समजावलं. वहीत उतरवून घेतलं.

साइटच्या दोन प्रती. एक लाइव्ह— गावं पाहतात ती. एक घरची— स्वरालीच्या संगणकात. काही बदलायचं तर आधी घरी बदलायचं, चालवून पाहायचं, मगच लाइव्हवर चढवायचं. "लाइव्हले डायरेक्ट हात नाही लावाचा काका. तुमी बदलून राहिले अन् तिकडे कोणी लिहून राहिलं, असं असते ते."

समजलं. आमच्या पाटबंधारे खात्यात हेच होतं. मूळ ट्रेसिंग ऑफिसच्या कपाटात. धरणावर जाते ती त्याची अमोनिया प्रिंट, म्हणजे छापील नक्कल. सुधारणा करायची ती मूळ ट्रेसिंगवर. मग नवी प्रिंट काढायची, जुनी परत मागवून तिच्यावर 'रद्द' शिक्का. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, एक जुनी प्रिंट चुकून धरणावर राहू दिली नाही.


९ मार्च, रविवार

भाजीला इतवारा बाजारात गेलो नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा रविवार चुकला.

लाइव्हवरचे आकडे वाचत बसलो. गारपीट झाली त्या आठवड्यातही लोकांनी मोजलंय! शेतात गहू आडवा झालेला, आणि कुणी दोर घेऊन विहिरीवर गेलं. एका नोंदीपुढं ऑपरेटरनं लिहिलंय— 'बाई म्हणतात, गारा पडल्या तरी बाजार भरलाच ना.'

विहिरीला गावाचं नाव नाही, फक्त क्रमांक आणि मोजणाऱ्याचं नाव. एक नोंद तिची आहे. क्र. ८७, ९ फेब्रुवारी, १६ फूट ९ इंच, मोजणारा: स्वराली. ११ तारखेला तिला दवाखान्यात नेलं. म्हणजे अंगात ताप असताना लिहिलंय. मागं जाऊन पाहिलं, ८७ ला नेहमी तिचंच नाव आणि नेहमी रविवार. कुणाकडून ऐकून लिहीत असावी.


१२ मार्च

'बदल' नावाचा फोल्डर सापडला. आत अडतीस फायली. ००१ ते ०३८. डेटाबेसमध्ये तिनं जे जे बदललं, ते हातानं कधीच बदललेलं नाही. प्रत्येक बदलाची फाइल, तिला क्रमांक, तारीख, आणि वर मराठीत दोन ओळी— का बदललं. शिवाय प्रत्येकात खाली, हा बदल मागं कसा घ्यायचा तेही!

आमच्या ट्रेसिंगच्या कोपऱ्यात सुधारणांचा तक्ता असतो— क्रमांक, तारीख, तपशील, सही. हुबेहूब तोच. लहानपणी माझ्या टेबलाखाली खेळायची तेव्हा पाहिला असेल. मी शिकवला नव्हता.

काही उतरवून ठेवतो.

००७ – 'खोली' म्हटलं की लोक विहीर किती खोल ते सांगतात. आता 'पाणी किती फुटांवर' असं विचारू.
०१२ – इंच जोडले. गंगूबाई भांडल्या. म्हणाल्या चार बोटं पाणी म्हणजे काहीच नाही का!
०१९ – 'कोरडी' हा पर्याय जोडला. आज पहिल्यांदा लागला.
०२३ – विहीर पुसायची सोय काढून टाकली. बुजवली तरी तिचा क्रमांक तिचाच राहील.
०३१ – मोजलं नसेल तर जागा रिकामी राहू द्यावी. अंदाज लिहू नये.

०१९ पाशी थांबलो. बाहेर जाऊन आलो.


१५ मार्च

आज जे पाहिलं ते लिहिता येईल की नाही माहीत नाही.

शाकीब म्हणाला, "एक गंमत करा काका. एक कोरा डेटाबेस बनवा घरी, अन् एकापासून सदतीसपर्यंत सारे बदल ओळीनं चालवा." केलं. पहिल्यानं एक टेबल उगवलं, नुसतं क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यानं माणसांची नावं. मग फूट, मग इंच. कोरडी. खारं की गोड. एकेक रकाना उघडत गेला. कुठं एक रकाना मोडला, त्याचे दोन झाले. तिची एक चूक आली, पुढच्या फाइलनं ती दुरुस्त झाली. चार मिनिटं लागली. चार मिनिटांत चार वर्षांचं घर उभं राहिलं— आतमध्ये पाण्याचा एक थेंब नाही, पण उभं!

मी हात जोडले. संगणकाला नाही. कुणाला ते ठाऊक नाही.

शेजारच्या खोलीत बसून ती हे करत होती. मी ओरडायचो— जेवायला ये, डोळे जातील!


१६ मार्च

०३८ राहिलाय. वर तिनं लिहिलंय—

'विहिरींची ठिकाणं जोडणे. लिहून तयार. अजून कुठंच चालवलेला नाही, घरीही नाही. थांबवला. आधी एक काम आहे.'

फाइल लांबलचक आहे. ओळीनं विहिरी, गावं, कुणाच्या वावरात, कोणत्या झाडाजवळ. पहिलं पान पाहून बंद केली. तिनं थांबवलेलं आपण कसं चालवायचं?

कोणतं काम? शाकीबलाही माहीत नाही. "मले नाही सांगतलं. पण लोकं पुसून राहिले काका, आमची विहीर नकाशावर कवा दिसन म्हणून. दोन वर्षांपासून पुसतात." तिनं हातात घेतलेलं हे शेवटचं. हे चढवल्याशिवाय मी मरायचा नाही, असं मनात आलं. लिहिल्यावर जरा नाटकी वाटतंय. राहू दे.


२३ मार्च

घरच्या प्रतीवर सराव. रोज सकाळी दोन तास. चष्म्याचा नंबर वाढलाय.


३० मार्च, रविवार

माझ्या हातून सगळं गेलं.


३१ मार्च

काल लिहिता आलं नाही. लिहितो.

पानावरच्या मथळ्यात एक चूक होती. क्षुल्लक. घरच्या प्रतीत दुरुस्त केली. मनात म्हटलं, मूळ ट्रेसिंग सुधारलं, आता नवी प्रिंट काढू, जुनी रद्द करू. घरचा अख्खा डेटाबेस उतरवला आणि लाइव्हवर चढवला. संगणकानं विचारलं, तिथलं जुनं पुसून टाकू का? मी हो म्हटलं. चौतीस वर्षं जुन्या प्रिंटवर शिक्का मारला तसाच, न डगमगता.

पाहिलं तर लाइव्हवर २ फेब्रुवारीच्या पुढची नोंदच नाही. एकाही विहिरीची. स्वराली दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लाइव्हची प्रत घरी उतरवायची, ती तेवढीच होती. नंतर कुणी उतरवलीच नाही. आठ आठवडे लोकांनी मोजलेलं पाणी मी पुसलं. गारपिटीचा आठवडाही. तिची शेवटची नोंदही.

शाकीबनं सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडं प्रत ठेवायची सोय आपण घेतलेलीच नव्हती.

शाकीब म्हणाला, "काका, ढाचा घरून जाते. पण पाणी लाइव्हवरच भरते. ते घरून नाही नेता येत." आणि मग, "तुमची नाही, माही चूक. मी सांगतलंच नाही नीट."

त्याची चूक नाही. आमच्या प्रिंटमध्ये मूळ ट्रेसिंगवर नसलेलं काही कधीच नसायचं. प्रिंट मेलेली असते. इथं उलटं आहे. घरी आहे ते नुसतं रेखाटन, जिवंत आहे ते तिकडं. नावच तसं दिलंय की लोकांनी! मला ऐकू आलं नाही.


१ एप्रिल

जेवलो नाही. मग वाटलं, त्यानं काय भरून येणार. जेवलो.


२ एप्रिल

आकडे साइटवरून गेले. मोजणारी माणसं गेलेली नाहीत.

डेटाबेसमध्ये प्रत्येक विहिरीपुढं मोजणाऱ्याचा फोन नंबर आहे. ८७ पुढं स्वरालीचाच. उरले शहाऐंशी. अनोळखी माणसाशी मी फोनवर बोलत नाही. विम्याचं असो, गॅसचं असो, तीच बोलायची. आज सकाळी पहिला नंबर लावला आणि कुणी उचलायच्या आत ठेवून दिला. दोनदा. तिसऱ्यांदा बोललो. मी स्वरालीचे वडील. तुमच्या नोंदी माझ्या हातून पुसल्या गेल्या. तुमच्याकडं आकडे आहेत का?

आज नऊ झाले. एक जण म्हणाला, "सरकारी नोकरीत होते ना काका? मंग बरोबर हाय." आणि हसला. मलाही हसू आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

एकानं विचारलं, ताई कुठं आहेत. त्याला माहीत नव्हतं. सांगावं लागलं.


५ एप्रिल

आज एक गोष्ट झाली. फोन करून घसा बसला म्हणून ही वही चाळत होतो. ९ मार्चच्या पानावर— क्र. ८७, ९ फेब्रुवारी, १६ फूट ९ इंच!

मीच उतरवून ठेवलेलं. आकडा दिसला की लिहायची खोड. नोकरीतल्या त्या खोडीचे आज पाय धरावेसे वाटले.

लगेच भरला. आधी लाइव्हची ताजी प्रत घरी उतरवली, तिथं नोंद करून पाहिली, मग लाइव्हवर फक्त ती एक ओळ.


११ एप्रिल

काल मत दिलं, आज शाई लावलेलं बोट घेऊन तेल्हाऱ्याच्या गाडीत बसलो. अकोल्याला शाकीब चढला. गंगूबाईनं फोनवर आकडे सांगायला चक्क नकार दिला होता. "पोट्टीचे बाप ना तुमी? मंग घरी या. भित काय फोनातून दाखवू?"

तेल्हाऱ्यापासून सात किलोमीटर. गंगूबाई पासष्टीच्या असतील. घराच्या आतल्या भिंतीवर, चुलीच्या वर, गेरूच्या रेघा. एक रेघ एक फूट, पुढची टिंबं म्हणजे बोटं. दर बाजाराची एक रांग. चार वर्षांच्या रांगा! दरवर्षी पोळ्याला घर सारवतात तेव्हा तेवढी भिंत सोडतात. सून म्हणाली, "पाव्हणे हसतात आमाले." गंगूबाई म्हणाल्या, "हसू दे. मायी इहीर वर येते खाली जाते, ते दिसते मले. सून नाही दिसत एवढी."

मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. पावसाळ्यात रांगा आखूड, उन्हाळ्यात लांब. एक लाट चालत गेली होती भिंतीवरून, चार वेळा वर, चार वेळा खाली. मी आयुष्यभर धरणांचे नकाशे काढले. असा एक काढला नाही.

चहा देताना विचारलं, "तुमच्या घरी हाय का इहीर?"

होती म्हटलं. मागच्या अंगणात. आता कोरडी आहे.

"कोरडी हाय का कोरडी होती?"

२००४ ला आटली म्हटलं. दोर सोडला तर दगड खणकन वाजला. त्याच वर्षी बायको गेली. मी फरशी टाकून घेतली वर, पंपाच्या पाइपाचं भोक तेवढं राहिलं, त्यावर वीट. पांढऱ्या रंगानं तारीख घालून 'कोरडी' लिहिलं. तेव्हापासून तिकडं जात नाही.

हे सगळं मी एका परक्या बाईला का सांगितलं, कळत नाही. शाकीब खाली पाहत होता.

"दहा वर्सं झाले," गंगूबाई म्हणाल्या. "मंग पाह्यलं का कवा?"

नाही म्हटलं.

"लिवायले मोठे हुशार तुमी."


२० एप्रिल

अंजनगावकडचे नत्थुजी. त्यांनी कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिलंय, दुधाच्या लिटरांच्या शेजारी. कोणता आकडा दुधाचा आणि कोणता पाण्याचा, यावरून नवराबायकोचं फोनवरच जुंपलं. मी धरून राहिलो. बायको जिंकली. "आमची म्हैस साडेतेवीस लिटर देते का रे बाबा!"

चांदूर बाजारच्या अनीसाबाईंच्या मुलीनं शाळेच्या वहीत तक्ता केलाय. एकानं नुसती दोराला गाठ मारून ठेवली होती, मापून सांगितली. कुणी कशावर, कुणी कशावर. कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

मी समजत होतो, माझ्या पोरीनं हे एकटीनं उभं केलं. आणि काळजी करत होतो, तिच्यामागं कोण. ही सगळी होतीच!


४ मे

शहाऐंशी फोन झाले. सहाशे अठ्ठ्याऐंशी नोंदींपैकी सहाशे अकरा परत आल्या. उरलेल्या सत्त्याहत्तर गेल्या त्या गेल्या. आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन मधला काढता आला असता, ते काम मी डोळे मिटून करतो. पण ०३१ आठवला. रिकाम्या सोडल्या.

शाकीबनं आता रोज पहाटे आपोआप प्रत निघून त्याच्याकडं जाईल असं केलंय. त्यालाही क्रमांक दिला आम्ही. ०३९. वर दोन ओळी मी लिहिल्या— 'का: लाइव्ह ही प्रिंट नाही. हे न समजल्यामुळं नोंदी गेल्या.' खाली नाव घातलं.


१८ मे

शाकीब म्हणतो आता ०३८ चालवा काका. स्वराली कोणत्या कामासाठी थांबली ते तर आता कळणार नाही. लोकांनी एवढं दिलं, त्यांच्या विहिरी त्यांना दिसू द्या.

बरोबर आहे. तरी आठ दिवस मागून घेतले.


३१ मे, शनिवार

आज बसलो. लाइव्हची ताजी प्रत घरी उतरवली. ०३८ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, मगच चालवायची, असं ठरवलं. विहीर १, विहीर २. बांधाजवळचा लिंब. मारुतीच्या मागं. मशिदीच्या वाटेवर. १४ म्हणजे गंगूबाई. मजा येत होती— नुसते आकडे होते त्यांना गाव आलं, झाड आलं.

शेवटच्या पानावर ८७.

'८७ – अमरावती. आमचं घर, मागचं अंगण.'

आणि खाली तिची टीप—

'हा बदल चालवला की ८७ लाइव्हवर सगळ्यांना दिसेल. त्याआधी बाबांना सांगणे. तीन वर्षं झाली, धीर होत नाही. रविवारी ते इतवाऱ्यातून यायच्या आत मोजते. आई गेली तेव्हापासून ते तिकडं बघत नाहीत.'

संगणक बंद केला नाही. तसाच बसून राहिलो.


१ जून, रविवार

वीट काढली. भोकाच्या आत खिळ्याला दोर टांगलेला, टोकाला दगड, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दर फुटाला माझ्या जुन्या ट्रेसिंग कापडाची पट्टी, त्यावर शाईनं तिचे आकडे. सोडला. दगड वाजला नाही.

०३८ घरी चालवला, मग लाइव्हवर चढवला.

क्र. ८७. १ जून. २१ फूट ४ इंच. पाणी: गोड. मोजणारा: बाबा.